घासावे काय, राखावे काय?

दिवाळीच्या आधीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, तांब्या-पितळेची भांडी अंगणात येतात, देवघरातली उपकरणी चिंच-मीठ लावून घासली जातात. रायपूरमधल्या मराठी घरांतही हे दृश्य पुण्या-नागपूरहून वेगळे नसते. अशाच आवराआवरीत एखाद्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी एक पुरचुंडी सापडते. तिच्यात आजोबांनी जपलेली वीस-पंचवीस नाणी. काही काळी पडलेली, काही हिरवट. सोबत एक गंजलेला अडकित्ता आणि कधीतरी शेत नांगरताना वर आलेला, ओळखू न येणारा एक लोखंडी तुकडा.

हात आपोआप चिंचेकडे जातो. समोर मळलेली वस्तू आहे, आपण स्वच्छता करतच आहोत, मग हीही घासून टाकू. इतक्या साध्या कामात धर्माचा, विवेकाचा प्रश्न कुठून येणार, असे वाटेल. पण तो येतो, आणि आपल्या साधनेच्या अगदी मुळाशी जाऊन पोहोचतो. म्हणून आज या पुरचुंडीपाशी थोडे थांबू या.

लोट्याचा दृष्टांत

आपल्या सत्संगात मनाची शुद्धी समजावताना भांडे घासण्याचा दृष्टांत हमखास दिला जातो. श्रीरामकृष्ण परमहंस आणि त्यांचे वेदान्तगुरू तोतापुरी यांचा प्रसंग आपण ऐकला असेल. आपल्याला साक्षात्कार झाला आहे, मग रोज ध्यानाला बसण्याची गरज काय, असे श्रीरामकृष्णांनी विचारले. तोतापुरींनी आपल्या लखलखीत लोट्याकडे बोट दाखवले. रोज घासला नाही तर याची चमक राहील का? त्यावर श्रीरामकृष्णांनी हसून विचारले, आणि लोटा सोन्याचा असला तर?

या प्रसंगाचा पूर्वार्ध आपल्या चांगला लक्षात राहतो. मळ दिसला की घासायचे. उत्तरार्धाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. घासण्यापूर्वी वस्तू कशाची आहे हे ओळखावे लागते, असे तो उत्तरार्ध सुचवतो. सगळ्याच वस्तूंना एकच हात चालत नाही. ही ओळख नसेल तर घासणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, हातून नाश होतो.

मळ की कवच?

नाण्यावरचा काळा किंवा हिरवा थर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. हवेत गंधकाचे अंश असतात. त्यांचा चांदीशी संयोग होऊन काळसर थर तयार होतो. म्हणजे तो थर बाहेरून येऊन बसलेली धूळ नसतो. नाण्याच्या चांदीचाच थोडा भाग त्यात गेलेला असतो. आपण तो घासून काढतो तेव्हा तितकी चांदीही जाते. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, सुमारे ९१.७ टक्के चांदीचा असे. दर दिवाळीला तो पावडरीने घासला की राणीच्या केसांच्या बटा, वस्त्रावरची नक्षी, कडेची अक्षरे हळूहळू सपाट होत जातात. नाणे चकचकीत दिसते, पण ते आता मुके होऊ लागलेले असते. जाणकार संग्राहक अशा चमकवलेल्या नाण्याला कमी मोल देतात, तेही याच कारणाने.

तांब्याचे तर आणखी नवल आहे. तांब्यावर आधी तांबूस-तपकिरी आणि पुढे हिरवा थर चढतो. तो घट्ट आणि स्थिर असेल तर आतल्या धातूचे रक्षणच करतो. शेकडो वर्षे मातीत राहिलेल्या नाण्याच्या बाबतीत मूळ अक्षरांची पातळी अनेकदा त्या थराच्या आतच टिकून असते. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतले आम्ल तो थर विरघळवते, आणि थरासोबत अक्षरेही जातात. खाली स्वच्छ तांबे उरते. त्यावर काहीच लिहिलेले नसते.

याच्या उलटही घडते. फिकट हिरव्या, भुसभुशीत पुडीसारखा थर दिसला आणि तो पसरत असेल, तर तो कवच नव्हे, रोग आहे. क्षारांमुळे आणि ओलाव्यामुळे धातू आतून खाल्ला जात असतो. म्हणजे दोन्ही हिरवेच, पण एक राखणारा आणि एक खाणारा. नुसत्या रंगावरून निवाडा करणाऱ्याची इथे फसगत होते.

लोखंडाचा गंज सहसा खाणाराच असतो. तो सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो आणि आत शिरत जातो. तरीही दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असे त्यांनी दाखवले. त्या स्तंभाला राखले ते त्याच्या स्वतःच्या गंजाने! आणि मातीत फार काळ राहिलेल्या काही लोखंडी वस्तूंमध्ये तर आतले लोखंड संपून गेलेले असते. वस्तूचा आकार फक्त गंजात उरलेला असतो. गंज खरवडला की हाती काहीच राहत नाही.

किरारीचा खांब

इथवर वाचून आपण म्हणाल, चार नाणी घासली तर असे काय मोठे बिघडते? याचे उत्तर रायपूर शहरातच आहे. ते उदाहरण धातूचे नाही, लाकडाचे आहे. पण भल्या माणसांच्या हातून नकळत काय हरवू शकते, हे त्याच्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय १८७५ साली सुरू झाले. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या दातृत्वाने ते उभे राहिले. भारतातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. १९५३ साली ते आजच्या इमारतीत आले, तेव्हा तिचे उद्घाटन पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. या संग्रहालयात एक जुना लाकडी खांब आहे.

१९२१ च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या किरारी गावचा हीराबंध नावाचा तलाव आटला. खतासाठी गाळ काढताना गावकऱ्यांना गाळात रुतलेला एक लाकडी खांब सापडला. त्यावर अक्षरे कोरलेली होती. खांब बाहेर काढून उन्हात ठेवला गेला. जवळजवळ अठराशे वर्षे पाण्यात आणि चिखलात राहिलेले ते लाकूड होते. वाळताच ते आकसले, तडकले, आणि त्याच्या ढलप्यांबरोबर अक्षरेही गळून पडू लागली.

सुदैवाने पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाचे एक गृहस्थ तिथे होते. त्यांनी ती अक्षरे दिसतील तशी हाताने उतरवून घेतली. पुढे डॉ. हीरानंद शास्त्रींनी प्रामुख्याने त्या नकलेच्या आधारे लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, ब्राह्मी लिपीतला निघाला. म्हणजे ज्या काळात महाराष्ट्रात सातवाहनांची सत्ता होती, तो काळ. आणि त्यात होते काय? राज्यकारभारातल्या लोकांची यादी. नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, हिशेब ठेवणारा गणक, कोठार सांभाळणारा भांडागारिक, हत्ती-घोड्यांवरचे लोक, स्वयंपाकघराचा प्रमुख, पत्रे पोहोचवणारा लेखहारक. अठराशे वर्षांपूर्वीच्या छत्तीसगडमधल्या एका कचेरीचे दारच उघडावे तसे झाले. आज खांब आहे, पण त्यावरची बहुतेक अक्षरे गेलेली आहेत. लेख उरला तो कागदावर, एका माणसाच्या लक्षपूर्वक नजरेमुळे.

या प्रसंगात दुष्ट कोणीच नाही. गावकऱ्यांनी चिखलातली वस्तू वर काढली आणि वाळत ठेवली. आपणही तेच केले असते. पंडितजींनी वेगळे एवढेच केले की खांबाला सुधारण्याच्या भानगडीत न पडता तो जे सांगत होता ते टिपून घेतले. या दोन कृतींमधला फरक आपल्या आजच्या विषयाचे सार आहे.

मग देवघरातले टाक?

एक शंका इथे आपल्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. आपण देवघरातले टाक रोज किंवा सणावाराला घासतो, पंचामृताने न्हाऊ घालतो. चांदीचे पातळ टाक पिढ्यान्‌पिढ्या हाताळून इतके झिजतात की खंडोबाचा घोडा आणि देवीचा चेहरा बोटालाच तेवढा जाणवतो. मग तिथेही आपण चूक करतो का?

नाही. टाक पूजेसाठी घडवलेला असतो. त्याची झीज म्हणजे सेवेचीच खूण. आजी, आई, सून अशा तीन पिढ्यांची बोटे त्यावरून फिरलेली असतात. तो फारच झिजला तर त्याला विधिपूर्वक निरोप देऊन नवा घडवण्याची रीतही आपल्याकडे आहे. कारण देवाचे नाते त्या विशिष्ट पत्र्याशी बांधलेले नाही.

रोजच्या भांड्याचेही तसेच. पातेले, विळी, अडकित्ता ही कामाची अवजारे. त्यांचा गंज काढावा, तेलाचा हात फिरवावा, पुन्हा कामाला लावावे. तिथे गंज जपणे हा आळस आहे.

पण जुने नाणे ना आता बाजारात चालते, ना ते पूजेसाठी घडवलेले आहे. ते साक्षीदार आहे. साक्षीदाराकडून आपल्याला एकच गोष्ट हवी असते, त्याने जसे पाहिले तसे सांगावे. त्याला नटवून, रंगवून उभे केले तर साक्ष बिघडते. दक्षिण कोसलच्या शरभपुरीय राजांची सोन्याची नाणी पाहिली तर हे चटकन पटते. ती पातळ पत्र्यावर मागच्या बाजूने ठोकून उठवलेली असत. वर गरुड, शंख, चक्र, आणि खाली पेटीसारख्या डोक्याच्या अक्षरांत राजाचे नाव. त्या उठावावर अंगठ्याचा जरा जोर पडला तरी तो दबेल. रतनपूरच्या कलचुरींच्या तांब्याच्या काही नाण्यांवर हनुमंताची आकृती आहे. भक्तिभावाने चिंच लावून ते नाणे घासणारा भक्त हनुमंतालाच पुसून टाकील, आणि त्याला ते कळणारही नाही.

रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर आहे. तिथे १९३९ साली अचानक बौद्ध कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. त्यांतल्या काही मूर्ती रायपूरच्या संग्रहालयात आहेत. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा आहे, डोळ्यांत आणि अलंकारांत चांदी-तांब्याचे जडावकाम आहे. पुढे १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने सिरपूरला उत्खनन केले. उत्खननाच्या कामात हातातल्या साधनांपैकी मऊ ब्रशचे मोल मोठे असते, आणि त्याहून मोठे सबुरीचे. वस्तू उचलण्याआधी ती कुठे, किती खोल, कशाशेजारी होती हे लिहून ठेवावे लागते. शोधणाऱ्याची शिस्त आणि साधकाची शिस्त इथे एक होतात. आधी पाहा, नोंद करा, मग हात लावा.

नाणे कोणाचे?

मी पैसे देऊन घेतले, किंवा माझ्या आजोबांचे आहे, मग मी काहीही करीन, असा विचार मनात येतो. कायदा याबाबत काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती व इतर पुरावस्तू १९७२ च्या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. शेतात नांगराला लागलेले मडके गुपचूप फोडून वाटून घेणे हा केवळ गुन्हा नव्हे. एका संपूर्ण गोष्टीची पाने फाडून ती वाटून घेण्यासारखे ते आहे.

पण कायद्याच्याही पुढे एक भाव आहे आणि तो आपल्या परिचयाचा आहे. गांधीजींनी त्याला विश्वस्तवृत्ती म्हटले. हाती आलेली संपत्ती माझी नाही, मी ती सांभाळणारा आहे. सातशे वर्षे जे नाणे टिकले त्याच्या आयुष्यात माझी तीस-चाळीस वर्षे म्हणजे एका मुक्कामाची रात्र. पाहुण्याला आपण जेवू घालतो, अंथरूण देतो. त्याची ओळख आपण पुसत नाही.

आता स्वतःकडे वळू

साधकहो, वस्तूंची ही तीन नाती, भांडे, टाक आणि साक्षीदार, आपल्या अंतःकरणातही आहेत.

दिवसभराचा राग, मत्सर, कोणाला लागेल असे बोललेला शब्द, हा भांड्याचा मळ. तो रात्री झोपण्यापूर्वी घासायचा. तिथे तोतापुरींचा लोटाच खरा. उद्यावर टाकला तर चिकटतो.

आपली श्रद्धा, आपला जप, आपली सेवा हे देवघरातले टाक. ते वापरानेच झिजावेत. कपाटात नवे कोरे राहिलेले व्रत काय कामाचे?

पण आपला भूतकाळ, आपल्या चुका, घराण्याच्या आठवणी, समाजाचा इतिहास ही जुनी नाणी आहेत. इथे आपण मोठी गफलत करतो. ती नाणीही आपण घासायला घेतो. वडिलांशी आपण कसे वागलो ती आठवण टोचते, म्हणून वर्षावर्षाला ती थोडी थोडी गुळगुळीत करत नेतो. अखेरीस आपण तेव्हा बरोबरच होतो असे एक चकचकीत नाणे हाती उरते. त्याचे नाव आपण मनःशांती ठेवतो. ती शांती नव्हे, साक्षीदाराचे तोंड बंद करणे आहे. पश्चात्तापात चूक जशी होती तशी समोर ठेवून तिच्याकडे पाहायचे असते. पुसलेल्या चुकीतून शिकता येत नाही.

याचीच दुसरी बाजूही लक्षात घ्या. फिकट हिरव्या पुडीसारखा पसरणारा थर मनातही असतो. जुन्या अपमानाची सल दरवर्षी वाढत असेल, तर तिला आठवण म्हणून जोपासू नये. नाण्याचा असा रोग थोपवायला पहिला उपाय म्हणजे ओल तोडणे. सतत उगाळून आपण त्या सलीला जी ओल पुरवतो, ती तोडावी. प्रसंग लक्षात राहू द्यावा, त्याचे पसरणे थांबवावे. एकट्याने जमत नसेल तर जाणत्याचा हात धरावा.

समाजाच्या पातळीवर ही कसोटी आणखी कठीण होते. आपण रायपूरचे मराठी लोक. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे अठराव्या शतकात आला. रतनपूरला राहून कारभार पाहणाऱ्या बिंबाजी भोसल्यांची आठवण इथे आजही आपुलकीने निघते. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदारांमार्फत कारभार चालला, आणि त्या काळात वसुलीचा भार रयतेवर पडला, हेही इतिहासकार नोंदवतात. शिवाय भोसल्यांच्या रुपयांवर मजकूर असे तो फारसीत, मोगल बादशहाच्या नावाचा. हे सगळे आपल्या अभिमानाच्या साच्यात नीट बसत नाही. मग आपल्याला हवी ती बाजू उजळायची आणि नको ती घासून काढायची, हा मोह होतो. छत्तीसगडी शेजाऱ्याच्या आजोबांच्या आठवणीतले नाणे आपल्यासारखेच असेल असे नाही. दोन्ही नाणी शेजारी ठेवून, दोन्ही न घासता पाहता आली, तर तिथे खरा बंधुभाव सुरू होतो.

आणि दुसऱ्याला सुधारताना तर फारच जपावे. सुनेच्या माहेरच्या सवयी, मुलाचा हट्टी स्वभाव, शेजाऱ्याची बोली यांत आपल्याला मळ दिसतो. त्यातला कोणता थर त्या माणसाला राखणारा आहे, हे आपल्याला ठाऊक असते का? कधी एखाद्याचा तुसडेपणा म्हणजे आतले सगळे संपल्यावर आकार धरून ठेवणारा शेवटचा गंज असतो. तो खरवडण्याआधी थोडे शेजारी बसावे.

या दिवाळीचा छोटा संकल्प

तर ती पुरचुंडी सापडली की काय करावे? हात कोरडे करा. नाणे कडेने धरा, पृष्ठभागावर बोटे टेकवू नका. सैल माती असेल तर मऊ ब्रशने हलकेच झटका. चिंच, लिंबू, राख, पावडर, तारेची घासणी काहीच लावू नका. प्रत्येक नाणे स्वतंत्र कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकची मऊ पिशवी टाळा. पाकिटावर लिहा: कोणाकडून आले, कुठे सापडले, कोणत्या साली. पसरणारी हिरवी पूड दिसली तर ते नाणे बाकीच्यांपासून वेगळे करा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. जमिनीत सापडले असेल तर प्रशासनाला कळवा. लक्ष्मीपूजनाला नाणी मांडायची असतील तर चालू नाणी पंचामृतात घाला, जुन्यांना नुसती हळद-कुंकवाची वाटी दाखवून नमस्कार करा. देवीला भाव पुरतो.

आणि घरातल्या मुलांना जवळ बोलावा. एक नाणे त्यांच्या तळहातावर ठेवा. त्यावर काय दिसते ते त्यांना कागदावर काढू द्या, समजो वा न समजो. किरारीच्या पंडितजींनी नेमके तेच केले होते.

मग रात्री, दिवे शांत होत असताना, स्वतःपाशी बसून तीन प्रश्न विचारा. आज मी काय घासायला हवे होते आणि घासले नाही? काय वापरायला हवे होते आणि जपून ठेवले? आणि काय जसेच्या तसे राखायला हवे होते, जे मी उगाच पुसायला निघालो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच येणार नाही. घाई करू नका. ते नाणे पाकिटात ठेवा, वर तारीख लिहा, आणि पुन्हा पाहा.